नको तिथं हाड

पायाच्या एक्स-रेत हाड मोडलंय का ते बघायच्या आधी माझी नजर अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमधल्या फटीत जाते. सवयच लागलीय. तिथं खरं तर काही दिसायला नको, कातडी, मांस, रक्तवाहिन्या हे सगळं फिल्मवर करड्या रंगात एकात एक मिसळून जातं, पण शुगरचा जुना पेशंट असला की कैकदा त्या करड्यात दोन बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, शेजारी शेजारी, नागमोडी, मध्येच तुटलेल्या. ती धमनीची भिंत असते, हाडासारखी पांढरी झालेली. पेशंट बिचारा दगडाला ठेचकाळून आलेला असतो, विचारतो "मोडलं नाही ना ओ?" आणि मी आपलं नेहमीचं "डॉक्टर सांगतील" म्हणून त्याला बाहेर बसवतो, कारण आमच्या लाइनमध्ये टेक्निशियननं तोंड उघडायचं नसतं. हाड बऱ्याचदा शाबूत असतं. त्या रेघांबद्दल मात्र त्याला कोणी काही सांगेलच असं नाही, कारण तो त्यासाठी आलेलाच नसतो.

सांगली-मिरजेत या धंद्यात असणं म्हणजे रोज निम्मा जिल्हा आणि पाव कर्नाटक बघणं. १८९४ साली वॉन्लेस डॉक्टरांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आजारी माणसांची इथं जी रीघ लागलीय ती आजतागायत आहे, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडून अथणी, कुडची, रायबाग. छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टात साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांना एक ओळ असते, महाधमनीच्या वळणावर कॅल्शियम दिसतंय अशी. ती ओळ कोणी वाचत नाही, वाचली तर "वयानं होतं" म्हणून सोडून देतात. वयानं होतंच, खोटं नाही. इटलीच्या सीमेवर बर्फात सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या धमन्यांतसुद्धा कॅल्शियम निघालंय, आणि २०१३ साली वेगवेगळ्या खंडांतल्या १३७ ममी सिटी स्कॅनमधून काढून बघितल्या तर साधारण तिसऱ्या हिश्श्यात तेच. त्यामुळं आजकालच्या खाण्यानं झालंय सगळं, पूर्वीचे लोक कसे ठणठणीत, हे जे कट्ट्यावर चालतं ते मी आता ऐकून घेतो आणि गप्प बसतो. पण सत्तरीत जे दिसायला हवं ते पन्नाशीत दिसतंय, आणि ठरावीक आजारवाल्यांतच जास्त दिसतंय, याला नुसतं वय म्हणून कसं चालेल?

मला या रेघांचा नाद लागला तो मामांमुळं.

मामा तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. शुगर कधीपासून आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नाही, कारण तपासली तेव्हा "निघाली", त्याआधी किती वर्षं होती कुणास ठाऊक. मग बीपी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, यात माणूस असा बुडालेला की बागेवर डावणी रोगाचा एक स्प्रे चुकला तर रात्रभर झोप नाही, ढगाळ वातावरण दिसलं की पहाटे तीनला ब्लोअर घेऊन बागेत, आणि स्वतःची बीपीची गोळी मात्र "आज बरं वाटतंय" म्हणून आठवडाच्या आठवडा डब्यात. व्हायचं ते झालं. किडन्या गेल्या, आता आठवड्यातनं तीनदा मिरजेला डायलिसिस. हाताला फिश्चुला केलाय, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात ते, त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते आणि मामा घरातल्या पोरांना हात लावून बघायला देतात, मोठ्या कौतुकानं. तो फिश्चुला धरेपर्यंत सर्जन घायकुतीला आले होते कारण मनगटाजवळची धमनीच कडक, फुगायला तयार नाही. पुढं अँजिओग्राफी झाली आणि तिच्या रिपोर्टात हृदयाच्या दोन धमन्या "कॅल्सिफाइड" म्हणून आल्या.

घरी याचा अर्थ एका मिनिटात लागला. कॅल्शियम साठलंय, मग कॅल्शियम बंद. मामींनी दुसऱ्या दिवसापासून घरात दूधच कमी केलं, सगळ्यांचं, स्वतःचं तर पूर्णच. मामांचं निदान वेगळं होतं. "आरं, हे समदं बोरच्या पाण्यानं झालंय बघ. मोटरीचा पाईप काढला तर आत ह्ये एवढा थर आसतोय पांढरा, मग माझ्या आत न्हाय का व्हनार?"

हे पाईपचं उदाहरण नुसते मामाच देत नाहीत, डॉक्टर लोकही देतात, आणि पटकन समजतं म्हणून देतात. पण त्यानं एक गोष्ट डोक्यात कायमची चुकीची बसते असं माझं मत झालंय. पाईप निर्जीव असतो, पाण्यात जे विरघळलेलं आहे ते त्याच्यावर बसतं, पाईप स्वतः काही करत नाही. धमनी जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात, त्यांचं काम आकुंचन-प्रसरणाचं, आणि नको त्या परिस्थितीत बराच काळ राहिल्या की या पेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. अलंकारिक बोलत नाहीये मी. हाड तयार होताना ज्या जनुकांची बटणं चालू होतात तीच इथं चालू होतात, हाडात जी प्रोटीनं असतात तीच इथं सापडतात, आणि जो खनिज पदार्थ जमतो तो कॅल्शियम-फॉस्फेटचा, हायड्रॉक्सीॲपेटाइट, तुमच्या-आमच्या हाडात आणि दातात आहे तोच. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं होतं की काही धमन्यांत नुसता चुना नाही तर हाडच तयार होतंय. तरी पुढं शंभरेक वर्षं बहुतेक सगळ्यांनी याला झीज म्हणूनच धरलं. १९९३ च्या सुमाराला हाड घडवायचा संदेश देणारं एक प्रोटीन धमनीतल्या चरबीच्या गाठीत सापडलं आणि मग कुठं लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आणि याची दुसरी बाजू तर मला जास्त भारी वाटते. आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही इतकं असतं की कोणी अडवलं नाही तर ते मऊ मांसात कुठंही जमायला लागेल. म्हणजे खरा प्रश्न "काहींच्या धमन्या कडक का होतात" हा नाहीच, "बाकीच्यांच्या का होत नाहीत" हा आहे. तर शरीरानं अडवणारे नेमलेत. लिव्हर एक प्रोटीन बनवतं, फेट्युइन-ए, ते रक्तातले बारीक कण धरून ठेवतं. पायरोफॉस्फेट नावाचा छोटा रेणू स्फटिक वाढू देत नाही. आणि धमनीच्या भिंतीतच एक प्रोटीन असतं, मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन. १९९७ साली या प्रोटीनचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, जन्मले तेव्हा चांगले होते, दोन महिन्यांच्या आत धमन्या कडक होऊन, महाधमनी फुटून मेले. त्यांना ना शुगर ना बीपी, फक्त हा एक पहारेकरी नव्हता. या प्रोटीनला कामाला लागायला विटामिन के लागतं, आणि वॉरफरीनसारखं रक्त पातळ करायचं जुनं औषध नेमकं विटामिन केच्याच कामात आडवं येतं, त्यामुळं वर्षानुवर्षं ते घेणाऱ्यांत कॅल्शियम वाढतं असं दिसलंय. (हे वाचून कोणी आपल्या आईचं वॉरफरीन बंद करू नका. झडप बदललेल्या माणसानं ती गोळी परस्पर सोडली तर सरळ जिवावर बेततं.)

आता जुनाट आजार काय करतात, तर दोन्हीकडून खेळतात. पेशींना हाड बनवायला भरीस घालतात आणि अडवणाऱ्यांना दमवतात.

यात किडनीचा आजार सगळ्यात वाईट. किडनी फॉस्फरस बाहेर टाकते, ती बसली की फॉस्फरस रक्तात चढतो. नॉर्मल २.५ ते ४.५, मामांचा एकदा ७ च्या वर गेला होता. वाढलेलं फॉस्फेट त्या स्नायूच्या पेशींत शिरतं आणि त्यांना हाडाच्या पेशी बनवायला तेच पुरेसं असतं, प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींना नुसतं जादा फॉस्फेट दिलं तरी त्या बदलतात. त्यात किडनी गेल्यानं विटामिन डी कामाचं बनत नाही, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन चढतं, ते हाडातून कॅल्शियम-फॉस्फरस ओढून काढतं, शरीरात सतत सूज असल्यानं लिव्हरचं ते फेट्युइन कमी पडतं, म्हणजे सगळंच एका वेळी. २००० साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात डायलिसिसवरच्या विशी ते तिशीतल्या १६ जणांच्या हृदयाच्या धमन्या स्कॅन केल्या, १६ पैकी १४ जणांत कॅल्शियम. त्याच वयाच्या चांगल्या ६० जणांत फक्त तिघांत. हे वाचलं तेव्हा मी सेंटरमध्ये दुपारचा डबा खात होतो. विशीतली पोरं.

डायलिसिसनं फॉस्फरस निघतो, पण चार तासांच्या एका सेशनमध्ये साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम, आणि जवळपास तेवढा आपण एका दिवसात खातो, आणि सेशन आठवड्यातनं तीनच, म्हणजे हिशोब कधीच जुळत नाही. म्हणून जेवताना गोळी, जी पोटातच अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते. आणि पथ्य. इथं मला एक तक्रार आहे. पथ्याचा जो झेरॉक्स कागद पेशंटच्या हातात देतात त्यात डाळ, शेंगदाणे, दूध, मटण सगळं एका रांगेत बंद लिहिलेलं असतं, त्यामुळं शाकाहारी माणसाला वाटतं आता खायचं काय. डाळी-कडधान्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, तो आपल्या आतड्यात निम्म्याहून कमी शोषला जातो. मटण, दुधातला जास्त. आणि कोल्ड्रिंक, प्रोसेस केलेलं चीज, पाकिटबंद मांसाचे पदार्थ यांत जो वरनं घातलेला असतो तो जवळजवळ सगळाच. मामा भडंग सोडा म्हटलं तर तोंड पाडतात, आणि डायलिसिस संपवून बाहेर आलं की तोंड कोरडं पडलंय म्हणून काळं कोल्ड्रिंक पितात. त्या कागदावर कोल्ड्रिंक लिहिलेलंच नव्हतं!

शुगरचं काम हळू पण पक्कं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती प्रोटीनांना चिकटते, त्या साखर चिकटलेल्या प्रोटीनांनी भिंतीतल्या पेशी चिडतात, सूज राहते, आणि पेशींचं ते हाडाकडं वळणं सुरू होतं. शुगर आणि किडनीवाल्यांत हे जास्त करून धमनीच्या मधल्या थरात होतं, आतल्या चरबीच्या गाठीत होतं ते वेगळं. १९०३ साली म्योंकेबर्ग नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं या मधल्या थराच्या कडकपणाचं वर्णन केलं, त्याचंच नाव अजून चालतं. या प्रकारात धमनी बंद होत नाही, आतली वाट मोकळी असते, म्हणून बरीच वर्षं हा निरुपद्रवी समजला गेला. तसा तो नाही. पायाचा रक्तपुरवठा बघायला घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करतात, ०.९ च्या खाली आला तर पुरवठा कमी. शुगरवाल्याच्या घोट्याची धमनी इतकी टणक असते की पट्टा कितीही फुगवा, ती दबतच नाही, मग आकडा येतो १.४ च्या वर आणि बघणाऱ्याला वाटतं व्वा, पाय झकास. त्याच पायाच्या अंगठ्याला महिनाभर न भरणारी जखम असते. म्हणून अशांचं अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं, तिथल्या बारीक धमन्या सहसा या कडकपणातून सुटलेल्या असतात.

बीपीचं तर गोल चक्कर आहे. दाब जास्त म्हणून भिंतीतले लवचिक तंतू तुटतात, तुटलेल्या तंतूंवर खनिज बसतं, भिंत आणखी ताठ होते, ताठ भिंतीमुळं दाब आणखी वाढतो. महाधमनी खरं तर प्रत्येक ठोक्याला फुगून थोडं रक्त आपल्यात ठेवून घेते आणि हृदय विसावतं तेव्हा ते पुढं ढकलते. ताठ झाली की फुगत नाही, मग वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. मामांचं बीपी १८०/६० असतं. गावातल्या दवाखान्यात मोजणारा पोरगा म्हणाला होता, "वरचं जरा जास्ताय, पण खालचं एकदम चांगलंय." मामा खूश. त्या दोन आकड्यांतलं १२० चं अंतर हीच तर कडक महाधमनीची खूण, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः विसाव्याच्या वेळी, म्हणजे त्या खालच्या आकड्यावर. इकडं ढकलायला जोर जास्त लागतोय आणि तिकडं खुराक कमी. हे मी मामांना सांगितलं नाही, आधीच काय कमी डोक्याला ताप आहेत. संधिवात, ल्युपस अशा सुजेच्या आजारांतही लवकर कॅल्शियम येतं, ते फक्त नोंदवून ठेवतो.

अलीकडं सांगलीतही कॅल्शियम स्कोअरचं, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजायचं, सिटी स्कॅन लोक स्वतःहून विचारायला लागलेत. पद्धत १९९० सालची, आर्थर अ‍ॅगॅटस्टन या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाची (हेच नंतर डाएटवाले डॉक्टर म्हणून जास्त गाजले). ना सुई, ना डाय, दोन मिनिटं आडवं पडायचं, स्कॅनच्या घनतेच्या मापात १३० युनिटच्या वर चमकणारं जे दिसेल ते मोजायचं. शून्य आलं तर पुढच्या काही वर्षांत अटॅकचा धोका बराच कमी, ४०० च्या वर आलं तर गंभीर. चांगली टेस्ट आहे, पण लोक तिचं मार्कशीट करतात. एक ओळखीचे सर स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची, गोळी चालू केल्यावर काही वर्षांनी परत स्कॅन करून आले आणि स्कोअर वाढला म्हणून गोळीलाच शिव्या घालायला लागले. स्टॅटिननं स्कोअर वाढू शकतो. मऊ, फुटण्याजोगी चरबीची गाठ त्यामुळं आळते, कडक होते, आणि कडक गाठ फुटायची शक्यता कमी. उलट सुरुवातीचे जे अगदी बारीक बारीक कण असतात, स्कॅनमध्ये धड दिसतही नाहीत, तेच गाठीच्या पातळ टोपीला चीर पाडू शकतात. आणि डायलिसिसवाल्याला किंवा ज्याला आधीच स्टेंट आहे त्याला या स्कोअरनं नवीन काय कळणार, उगाच पैसे जातात. आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण आहे हे असं आहे.

मग हे काढून टाकता येत नाही का? स्टेंट घालायच्या आधी हृदयाच्या धमनीत हिरकणी लावलेलं बारीक ड्रिल मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरवून कॅल्शियम घासतात, किंवा मुतखडा फोडायच्या तंत्रासारख्या दाबाच्या लहरींनी त्याला तडे पाडतात. पण ते दोन-तीन सेंटिमीटरपुरतं, स्टेंटला जागा व्हावी म्हणून. अंगभरच्या धमन्यांतलं हाड परत मऊ करणारं भरवशाचं औषध आजघडीला नाही. विटामिन के देऊन बघितलं, त्यानंही ठोस असं काही हाती लागलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लसूण-लिंबू-आल्याचा काढा फिरतो, "ब्लॉकेज साफ". ज्यानं तो लिहिला त्याला एकदा मामांच्या पायाची फिल्म दाखवायची इच्छा आहे.

या सगळ्यात मामी राहिल्या. उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली, नुसतं पाण्याची कळशी उचलायला वाकल्या आणि कळ आली, मी सेंटरला आणून बाजूनं एक्स-रे काढला. मणके फिके, नुसत्या कडा दिसतायत आणि आत पोकळ वाटावं असं, एक मणका पुढनं चेपलेला. आणि त्या फिक्या मणक्यांच्या पुढं, पोटातल्या महाधमनीच्या दोन्ही भिंती ठळक पांढऱ्या. जिथं कॅल्शियम हवं तिथं नाही आणि नको तिथं आहे, एकाच फिल्मवर. पाळी गेल्यावर बायकांत हे जोडीनं दिसतं, हाडं विरळ होतात आणि धमन्या कडक. मामींना शुगर नाही, बीपी थोडं आहे. आणि या बाईनं नवऱ्याच्या रिपोर्टावरनं स्वतःचं दूध सोडलेलं! जेवणातल्या दूध-दह्यानं, नाचणीनं धमन्या कडक होतात असा पुरावा नाही. गोळ्यांच्या जादा डोसबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, तो असू दे, पण ताटातल्या दह्यानं कोणाचं काही बिघडलेलं नाही, बिनकिडनीआजाराच्या माणसाचं तर नाहीच. तेवढ्यापुरता मी टेक्निशियनचा नियम मोडला, डॉक्टरांच्या आधी मीच मामींना बसवून फिल्म दाखवली आणि म्हटलं, मामी, तुम्ही दूध प्या.

डॉक्टरांनी मामींना कॅल्शियम आणि विटामिन डी लिहून दिलं. मामांची आधीची फॉस्फरस धरायची गोळीपण कॅल्शियमचीच होती, ती धमन्यांचं बघून डॉक्टरांनी बदलून बिनकॅल्शियमची केली, सेव्हेलॅमर, ती महाग. म्हणजे आता घरात एकाचं कॅल्शियम बंद आणि एकीचं चालू, आणि दोघांच्या गोळ्या देवघराच्या खालच्या एकाच फळीवर, जुन्या गोळीची अर्धी बाटलीपण तिथंच. गेल्या वेळी गेलो तेव्हा ती बाटली उचलून आणली, मामांच्या डब्यावर मार्करनं "घासाबरोबर" लिहिलं, कारण ती गोळी जेवण झाल्यावर तासानं घेऊन काही उपयोग नाही, अन्न पोटात असतानाच तिचं काम. मामा चहाबरोबर घेत होते.

"चहात दूध आसतंय की," मामा म्हणाले, "म्हंजे घासच झाला त्यो."

मामींनी आतनं कपात दूध ओतता ओतता सांगितलं, "आवं तुमच्या चहातलं दूध मी कवाच कमी केलंय. आता ते माझ्या कपात येतंय."